शंभराचे एकशे पंचावन्न

काशिनाथ मेस्त्रीला फहाहीलमध्ये काशिनाथ म्हणून ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती. खोलीतले सहा सोबती, लाकडाच्या वखारीतले इजिप्तहून आलेले मिसरी, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव होतं ‘खम्सा’. खम्सा म्हणजे अरबीत पाच. हे नाव त्याला कुवेतला आल्यावर पहिल्याच महिन्यात चिकटलं आणि त्याला कारण त्याची स्वतःची पेन्सिल.

साल १९९२. लढाई संपून वर्ष झालं होतं, फुटलेली घरंदुकानं नव्याने उभी राहत होती आणि सुतारांना मागणी होती. कुडाळजवळच्या एका वाडीतून काशिनाथ दोन वर्षांच्या करारावर आला तो रंधा, पटाशी आणि घरून आणलेला पितळी ओळंबा घेऊन. एका दुकानाच्या मांडणीसाठी चोवीस फळ्या हव्या होत्या, एकेक मीटर लांबीच्या. मुकादमाने त्याला वखारीत पाठवलं. तिथल्या मिसरी कापणाऱ्याची भाषा याला येईना, याची त्याला येईना. म्हणून काशिनाथने चिठ्ठीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, ‘१००’, खाली चोवीस रेघा आणि शेजारी एका फळीचं चित्र. दुपारी माल आला. चोवीसच्या चोवीस फळ्या एकशे पंचावन्न सेंटीमीटरच्या!

मुकादमाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिसरी चिठ्ठी नाचवत ओरडत होता, ‘मिया व खम्सा व खम्सीन!’ म्हणजे एकशे पंचावन्न. त्याचंही खरंच होतं. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि वाटोळं काढलं की झाले पाच. एक, दोन, तीन मात्र आपल्या एक-दोन-तीनच्या सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. त्यामुळे आपला माणूस जिथे शंभर लिहितो तिथे तो मिसरी बिचारा सरळ मनाने एकशे पंचावन्न वाचतो. त्या दिवसापासून काशिनाथ खम्सा झाला. आणि त्याने कानाला खडा लावला. महिन्याभरात तो अरबी आकडे लिहायला शिकला, आणि पुढे वर्षानुवर्षं लाकडावर, चिठ्ठीवर, भिंतीवर तेच लिहीत राहिला. आकडे बदलणं त्याला सोपं गेलं. त्यामुळे पुढे काय होणार होतं हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

१९९५ साली कंपनीने त्याला फहाहीलकडच्या एका हिंदुस्थानी शाळेत कायमचं देऊन टाकलं. मोडकी बाकं सांधायची, दारं बसवायची, कुलपं बदलायची. काम हलकं होतं. तिथेच शर्मिला बाईंची आणि त्याची गाठ पडली.

शर्मिला बाई पुण्याच्या. नववी-दहावीला गणित आणि फिजिक्स शिकवायच्या, आणि त्या वर्षी अगदी रडकुंडीला आल्या होत्या. मुलं वाईट नव्हती, पण दुपारच्या शिकवणीत सगळं पुन्हा घोटून मिळणारच आहे या भरवशावर वर्गात एसीच्या गारव्याला निवांत पेंगायची. काही नवीन सांगायला गेलं की एकच प्रश्न यायचा, ‘मिस, इज इट फॉर एक्झाम?’ बाईंना त्या प्रश्नाचा इतका तिटकारा आला होता की, एकदा त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या, यापेक्षा मी पोळ्या लाटायला गेले असते तर निदान कुणी चवीने खाल्लं असतं.

एके दिवशी त्या नववीला पायथागोरस शिकवत होत्या आणि मागच्या बाजूला काशिनाथ नव्या कपाटाची चौकट बसवत होता. खडूचा आवाज आणि एसीची घरघर. काशिनाथला चौकट गुण्यात आहे की नाही, म्हणजे कोपरा नेमका काटकोनात आहे की नाही, ते बघायचं होतं. गुण्या खोलीवर राहिलेला. मग त्याने बापाने शिकवलेला उपाय काढला. दोरीला सारख्या अंतरावर तेरा गाठी मारल्या, म्हणजे मधली बारा घरं झाली. पण दोरी तीन ठिकाणी ताणून धरायला तीन माणसं लागतात, आणि हा एकटा. त्याने शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या मुलाला खुणेने बोलावलं, शेजारच्या मुलीला बोलावलं. मुलगा रितेश, मुलगी रिदा. दोघं उठली, कारण वर्गात उठायला मिळणं हीच मोठी चैन होती.

‘बाबू, ये गाठ पकड. घट्ट. तू ये पकड.’ काशिनाथ हिंदीत कुजबुजला.

शर्मिला बाई फळ्याकडून वळल्या आणि थांबल्या. जमिनीवर त्यांचाच त्रिकोण पडला होता. एका बाजूला तीन घरं, दुसऱ्या बाजूला चार, तिरक्या बाजूला पाच.

‘मेस्त्री, हे काय चाललंय?’

काशिनाथ दचकून उभा राहिला. ‘काय नाय बाई. चौकट गुण्यात बसता काय ता बगत होतंय. आवाज करणार नाय.’

‘करा! आवाज करा!’ बाई जवळजवळ ओरडल्याच. ‘मुलांनो, इकडे या. सगळे या.’

पुढचा अर्धा तास त्या वर्गात शिक्षण झालं असं कुणी म्हटलं नसतं, नुसता गोंधळ होता. तीस मुलांनी त्या दोरीने कपाट मोजलं, टेबल मोजलं, दार मोजलं, आणि शेवटी वर्गाचा कोपरा मोजला तेव्हा सापडलं की शाळेची भिंतच दोन बोटं वाकडी आहे. मुलांना इतका आनंद झाला की विचारू नका. मोठ्या माणसांची चूक सापडल्याचा आनंद तो! रितेश पळत येऊन म्हणाला, ‘अंकल, बट व्हाय थ्री, फोर, फाइव्ह? व्हाय नॉट टू, थ्री, फोर?’ काशिनाथने बाईंकडे बघितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी ‘का’ विचारलं होतं.

तेव्हापासून काशिनाथचं अर्धं काम लाकडाचं आणि अर्धं फिजिक्सचं झालं. बाई सांगत आणि तो टाकाऊ फळ्यांतून करून देई: उतरण, तराजू, कप्प्या, रहाट. एकदा त्याने आपला पितळी ओळंबाच दोरीला टांगून दिला. बरोबर शंभर सेंटीमीटर दोरीला लोंबणारा ओळंबा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला जवळजवळ एक सेकंद घेतो, हे मुलांनी घड्याळ लावून पाहिलं. मग जड ओळंबा, हलका ओळंबा, रिदाच्या चाव्यांचा जुडगा, काहीही टांगलं तरी तोच एक सेकंद. मुलं अवाक झाली. आणि काशिनाथही. आयुष्यभर ओळंबा वापरला, पण तो हलायचा कधी थांबतो याचीच वाट बघितलेली. हलतो कसा हे बघायला सवड कुणाला होती?

त्याच दिवशी बोलता बोलता त्याने शंभराचे एकशे पंचावन्न कसे झाले ती गोष्ट बाईंना सांगितली. बाईंनी ती लगेच वर्गात नेली. खम्सा अंकलने वर्गापुढे उभं राहून चिठ्ठी लिहायची, मिसऱ्याची नक्कल करायची, मुलं हसून लोळायची. मग बाई सांगायच्या की हे आकडे मूळचे आपल्याकडचे, व्यापाराच्या वाटेने इकडे आले, वाटेत वाटोळ्याचा अर्थ बदलला. आणि शेवटी विचारायच्या, ‘शंभरच्या ऐवजी एकशे पंचावन्नचा ओळंबा टांगला, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला किती सेकंद?’ मुलं आधी म्हणत, दीड. मग टांगून बघत. येई सव्वा. मग पुन्हा, ‘का?’ आणि त्या ‘का’वर बाई दोन तास वर्गमूळ शिकवत, आणि कुणीही परीक्षेचं नाव काढत नसे.

काशिनाथ दाराशी उभा राहून ऐके. मॅट्रिकला गणितानेच त्याला दोनदा आपटलं होतं. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर बापाने वाद न घालता हातात रंधा दिला. गणित आपल्या डोक्यात शिरत नाही, ही गोष्ट त्याने पंचवीस वर्षं गुपचूप खरी मानली होती. आता चाळिशी उलटल्यावर त्याला कळत होतं की ते त्याच्या हातांत कधीचंच होतं, फक्त कुणी त्याला सांगितलं नव्हतं. याचा त्याला आनंद होई आणि त्याहून जास्त राग येई.

आणि लगेच बाळाची आठवण येई.

बाळा, त्याचा एकुलता एक झील, गावच्या हायस्कुलात नववीला होता. बाकी विषयांत ठीक, गणितात बापावर गेलेला. हायस्कूलला दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा होता, म्हणून कच्च्या मुलांना नववीतच गाळायचे. नववीत बसलेलं पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तसली पोरं सुतारकीला लागतात, मग कुणीतरी काका-मामा व्हिसा पाठवतो, आणि कागदावर धंद्याच्या रकान्यात लिहिलं जातं ‘नज्जार’. सुतार. काशिनाथच्या कागदावरही तेच होतं. सुतारकीची त्याला लाज नव्हती. पण सात माणसांच्या खोलीत बायकोचा फोटो उशीखाली ठेवून म्हातारं व्हायचं, हे त्याला बाळाच्या नशिबी नको होतं. त्याने देवापुढे सांगितलं होतं, माझा झील या रकान्यात येणार नाही.

पास व्हायला शंभरात पस्तीस लागत. काशिनाथचं गणित तेवढंच होतं, पस्तीस.

१९९७च्या गणपतीनंतर त्याने बाळासाठी एक लाकडी पेटी करायला घेतली. सागवानी तुकडे शाळेतल्या जुन्या फळ्याच्या चौकटीचे. आत बारा घरांची गाठी मारलेली दोरी, लहान ओळंबा, दोन कप्प्या, आणि भूमितीतले आकार घोटून गुळगुळीत केलेले. डिसेंबरात त्याची दोन महिन्यांची रजा होती. पत्रात त्याने बाळाला लिहिलं, ‘सहामाहीत कितीही पडू देत, मला फक्त गणिताचा आकडा कळव. डिसेंबरात मी येतो आणि तुला अशी भूमिती शिकवतो की तू म्हणशील, एवढंच होतं होय!’

खोलीतला यूसुफ, रत्नागिरीकडचा, एका दुकानाच्या गोदामात कामाला होता. तो पेटी बघून म्हणाला, ‘खम्सा, लोकांच्या पोरांना दोन वर्षं शिकवलंस. आता तुझ्या पोराची पाळी आली होय रे?’

थट्टाच होती ती. पण काशिनाथला झोंबली.

बाळाचं पत्र नोव्हेंबरात आलं. काशिनाथने ते शाळेच्या मागच्या सुतारखोलीत, डबा खाता खाता उघडलं. समोर फळ्या रचलेल्या, प्रत्येकीवर त्याच्याच हाताचे पेन्सिलीचे अरबी आकडे. पत्र चार ओळींचं होतं. आई बरी आहे. गाय व्याली. शेवटी लिहिलं होतं: ‘गणित ३०. बाकी सगळ्यात पास आहे.’

काशिनाथने वाचलं, पस्तीस.

मराठी पत्रातला मराठी आकडा याने अरबी कसा वाचला, असं कुणीही विचारेल. पुढे त्याने स्वतःलाच ते हजारदा विचारलं. पाच वर्षं ज्याच्या डोळ्यांनी वाटोळं म्हणजे पाच हेच पाहिलं, ज्याच्या हाताने वाटोळं म्हणजे पाच हेच लिहिलं, आणि ज्याच्या मनात तीन महिने पस्तीस या एकाच आकड्याचा जप चालला होता, त्याला तिथे दुसरं काय दिसणार? मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. काशिनाथला ते भरदुपारी दिसलं. ‘बाकी सगळ्यात पास’ हेही त्याने ‘बाकी सगळ्यातही पास’ असंच वाचलं.

काठावर का होईना, पोर पास होतं. तो धावत शर्मिला बाईंकडे गेला. बाईंनी वर्गाला सांगितलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी फहाहीलच्या मिठाईवाल्याकडून त्याने पेढे आणले आणि खोलीत वाटले. यूसुफने दोन खाल्ले.

त्याच आठवड्यात हेडसरांनी बोलावलं. फेब्रुवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं, चार शाळा बघायला येणार होत्या. ‘मेस्त्री, तुमच्याशिवाय होणार नाही. रजा उन्हाळ्यात घ्या.’ महिन्याभरापूर्वी काशिनाथने हात जोडून नाही म्हटलं असतं. आता त्याला वाटलं, पोर तर पास आहे, घाई कसली? आणि खरं सांगायचं तर आपल्याशिवाय होणार नाही, हे वाक्य त्याला जन्मात पहिल्यांदाच कुणी ऐकवलं होतं. तो हो म्हणाला.

त्या रात्री त्याने बाळाला पत्र लिहिलं. ते पत्र जसंच्या तसं असं होतं: ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद. तुझे गणिताचे मार्क कळले. आनंद झाला. एवढे पडले तरी पुष्कळ आहेत. मला तुझ्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नाही. डिसेंबरात येत नाही, इकडे मुलांचे काम आहे. आईला सांभाळ.’

एकेका शब्दात त्याची माया होती. फक्त ते पत्र पस्तीस मार्कांच्या मुलाला लिहिलेलं होतं, आणि पोचलं तीस मार्कांच्या मुलाला.

प्रदर्शन दणक्यात झालं. फेब्रुवारीत पुन्हा लढाईच्या बातम्या आल्या, पालक पाण्याचे कॅन भरून ठेवू लागले, तरी गर्दी कमी झाली नाही. काशिनाथने खोलीभर उंचीची लाकडी उतरण केली होती. तिच्यावरून गोटे सोडून मुलं येणाऱ्या-जाणाऱ्याला वेग समजावत होती. रितेशने तर ठरवून टाकलं की तो इंजिनिअर होणार. काशिनाथ कोपऱ्यात उभा राहून बघत होता आणि त्याच्या मनात येत होतं, जूनमध्ये हे सगळं बाळाला सांगेन. घरी मधे एकदा फोन केला होता. कुडाळच्या बूथवर आनंदी, त्याची बायको, दोन मिनिटं बोलली. बाळा अभ्यास करता? करता. बरा आसा? आसा. तिचा आवाज त्याला जरा कोरडा वाटला, पण फोनवर सगळेच आवाज कोरडे येतात.

एप्रिलच्या अखेरीस निकालाच्या दिवशी त्याने पुन्हा फोन लावला.

‘बाळा बसलो’, आनंदी म्हणाली. ‘गणितात अठरा पडले.’

काशिनाथला वाटलं, लाइन खराब आहे. ‘अठरा? असा कसा होयत? सहामाहीक पस्तीस होते मा?’

‘पस्तीस खंयचे? तीस होते.’

‘त्यानाच लिवल्यान माका...’

‘तीस लिवल्यान त्यान. माझ्यासमोर लिवल्यान, आणि रडलो.’ मग ती थांबली. इतके महिने गिळलेलं तिने एकदम बाहेर टाकलं. ‘आणि तुमी लिवलास, आनंद झालो म्हणान! एवढे पुष्कळ म्हणान! त्या दिवसापासून पोरान पुस्तक उघडूक नाय. माका म्हणता, बाबांनी माझो नाद सोडल्यानी. तेंका थंयसर दुसरी पोरा गावली.’

फोन कधी बंद झाला ते काशिनाथला कळलं नाही. खोलीवर येऊन त्याने पेटीच्या तळातून बाळाचं पत्र काढलं. तिथे स्वच्छ, गोल, कुठेही न अडखळलेलं शून्य होतं. लहान मूलही चुकलं नसतं. तो यूसुफला म्हणाला, ‘ह्या वाच.’ यूसुफने वाचलं, ‘तीस.’ मग काशिनाथच्या तोंडाकडे बघून त्याला सगळं उमगलं आणि त्या दिवसापासून त्याने खम्सा हे नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही.

शर्मिला बाईंनी हेडसरांशी भांडून त्याला लगेच रजा मिळवून दिली, अठ्ठावीस दिवसांची. ‘मी तुमचं पोर बुडवलं, मेस्त्री’, त्या म्हणाल्या. काशिनाथने मान हलवली. ‘तुमी नाय बाई. माझे डोळे.’ पण विमानात बसल्यावर त्याला वाटलं, नुसते डोळे नाहीत. पस्तीस वाचल्यावर आपण सुटलो, असं आपल्याला वाटलं होतं ना? रजा न घ्यायला कारण मिळालं, असं वाटलं होतं ना? या प्रश्नावर त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी पोचला तेव्हा बाळा नव्हता. वाडीतल्या अण्णा मेस्त्रीबरोबर सुतारकामाला गेला होता. संध्याकाळी आला तो केसांत भुसा घेऊन. पाया पडला, पण डोळ्यांत बघितलं नाही. जेवणं झाल्यावर काशिनाथने विषय काढला, तर बाळा उठला, भूगोलाच्या पुस्तकातून घडी घातलेलं पत्र घेऊन आला आणि बापापुढे ठेवलं.

‘ह्या तुमीच लिवलास ना? मग आता कित्याक इलास? जास्त अपेक्षा नाय मा तुमची?’

काशिनाथने सांगितलं. वखार, मिसरी, चोवीस फळ्या, वाटोळं म्हणजे पाच, सगळं. कुवेतच्या वर्गात ज्या गोष्टीवर मुलं हसून लोळत, ती सांगताना इथे त्याची नजर जमिनीवरून उठत नव्हती. बाळा ऐकत राहिला. हसला नाही. शेवटी म्हणाला,

‘म्हणजे तुमका आता मराठी आकडे येनत नाय?’

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता तो. आनंदीने पदर तोंडाला लावला.

मग काशिनाथने पेटी पुढे सरकवली. बाळाने ती उघडली, दोरी काढली, गाठींवरून बोट फिरवलं, आणि कुणी काही सांगायच्या आधीच तीन घरं, चार घरं, पाच घरं करून जमिनीवर ताणून दाखवली. ‘ह्या माका ठावक आसा. अण्णान शिकवल्यान. कोपरो गुण्यात बघूक.’

ज्या एका गोष्टीसाठी बापाने तीन महिने लाकूड घोटलं होतं, ती दुसऱ्याच मेस्त्रीने मुलाला फुकटात शिकवून टाकली होती. काशिनाथला हसावं की रडावं कळेना. हळूच म्हणाला, ‘म्हणजे तुका पायथागोरस येता.’

‘खंयचो पायथागोरस?’

‘पुस्तकातलो. तीनाचो वर्ग, चाराचो वर्ग, मिळान पाचाचो वर्ग.’

बाळाने दोरीकडे बघितलं. ओठ हलले. नऊ, सोळा, पंचवीस. पुन्हा एकदा हलले. ‘ह्येकाच पायथागोरस म्हणतत?’ तो म्हणाला. ‘मग गुरुजींनी दोरी कित्याक दाखवक नाय?’

त्यानंतर बापलेक रोज पहाटे ओटीवर बसत. हायस्कूलने जूनमध्ये फेरपरीक्षा ठेवली होती. भूमिती भराभर पुढे गेली, ओळंबा, कप्प्या यांत पोर रमलं. बीजगणितापाशी मात्र दोघांचं घोडं अडलं, कारण तिथे बापालाही काही येत नव्हतं. काशिनाथ ते न लाजता सांगे, ‘ह्या माका येणा नाय. दोघा मिळान बघूया.’ बापाला येत नाही हे बघून बाळाला धीर येई. अठ्ठावीस दिवस पुरे पडणार नाहीत हे दोघांनाही दिसत होतं. परीक्षेच्या चार दिवस आधी काशिनाथ परत गेला.

जूनच्या शेवटी पत्र आलं. काशिनाथने ते सुतारखोलीत उघडलं नाही. बाहेर मोकळ्या भिंतीशी, जिथे कुठेही आकडे नव्हते, तिथे जाऊन उघडलं.

‘ती. बाबांस सा. न. गणित ३२. अक्षरी बत्तीस. नीट वाचावे. पस्तीस नाहीत. गुरुजींनी ग्रेस दिले नाहीत. अण्णा म्हणाले ये कामाला, मी नाही म्हटले. परत नववीत बसतो आहे. वर्गात सगळ्यात मोठा मीच आहे. गुरुजींना दोरी दाखवली, ते म्हणाले उद्या वर्गात आण. बीजगणित कोणाला येत असेल तर विचारून पाठवावे. आपला बाळा.’

काशिनाथ त्या आकड्याकडे बघत राहिला. तीन आणि दोन. मराठीत वाचा, अरबीत वाचा, कुठल्याही डोळ्यांनी वाचा, ते बत्तीसच होते. तीन कमी.

शर्मिला बाईंनी त्याच दुपारी बीजगणिताची वही लिहायला घेतली, मराठीत. एकेक शब्द आठवून लिहिताना त्यांचीच तारांबळ उडत होती.

संध्याकाळी यूसुफ खोलीवर आला तेव्हा काशिनाथ पेढ्यांचा खोका घेऊन दारातच उभा होता.

‘पास झाला काय रे?’ यूसुफने हात पुढे करून विचारलं.

‘नाय’, काशिनाथ म्हणाला. ‘नापास झालो. बत्तीस. घे.’

यूसुफने त्याच्याकडे बघितलं, आणि पेढा घेतला.